तुटली तिथून पुढे

सोमवार, ३ नोव्हेंबर २००३

परत लाइन तुटली! फाइल जवळजवळ गेली होती — तेवढ्यात फोन. नेट फोनच्याच लाइनवर, त्यामुळे कॉल वेटिंगची टूं-टूं वाजली की आमचा मोडेम मान टाकतो आणि सगळं पहिल्यापासून. मुंबईच्या प्रेसवाल्यांनी आज सरळ सांगितलं, ‘गुरुवारी अख्खं पुस्तक नेटवरून आलं तर टायपिंगचं काम तुम्हाला. नाहीतर शहापूर कशाला, इथे माणसं आहेत.’

फोन श्वेताचा. शेजारच्या चंद्रकलाकाकूंची मुलगी, मुरबाडला दिलीय, दिवस भरत आलेत. काकूंकडे फोन नाही, म्हणून आमचाच नंबर. मी काकूंच्या तोंडावर म्हणाले, ‘तुमच्या गप्पांपायी माझं काम जाणार!’ त्या चहा तसाच ठेवून उठल्या.

कॉल वेटिंग काढून टाकते म्हटलं, तर सासूबाई — ‘नाय गो. पोर अडली तं सांगंल कुठं?’ खरं आहे. तरी माझी चिडचिड जाईना.

मंगळवार, ४

लाइन तुटणारच. मग तुटू दे ना! प्रोग्रॅम लिहायला घेतला — फाइलचे तुकडे करायचे. एकेक पाठवायचा, तिकडून ‘मिळाला’ आलं की मगच पुढचा. तुटली तर परत जोडून तिथूनच पुढे. प्रेसमधला साईनाथ त्याच्या टोकाला हा प्रोग्रॅम बसवून घ्यायला तयार झाला. सासूबाई दारातून बघून जातात.

बुधवार, ५

चालतंय!! मीच वायर उपटली, परत जोडली — तिथूनच पुढे! आता श्वेताने दिवसभर फोन केला तरी हरकत नाही. काकूंची माफी मागायचीय. उद्या, काम झालं की.

गुरुवार, ६

सकाळी फाइल सोडली आणि जीव टांगणीला. आता वाजेल, मग वाजेल — एकदाही तुटली नाही. आमची लाइन! संध्याकाळी साईनाथचा फोन, ‘अख्खी आली. काम तुमचं.’

सासूबाईंना सांगितलं, तर हसल्या. ‘तुटंल कशी? मीच चंद्रकलेला सांगलं व्हतं. तिनं पोरीला निरोप धाडला, गुरवारी फोन नको करू, वहिनीचं काम हाय.’

माझं हसू तिथंच राहिलं. आता फोन आला तरी चालतो, हे मी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं.

शुक्रवार, ७

श्वेताचा नवरा उजाडताच मोटारसायकलवर आला. बाळ गेलं. ती रात्रभर आई आई करत होती.

‘फोन का नाही केलात?’ मी ओरडलेच.

‘काल कळा सुरू झाल्या तवाच बूथवर निघालो व्हतो. तिनंच अडवलं. म्हनली, आज नको, वहिनीची लाइन तुटंल.’