माय, तुझी दिवसाची झोप

माय, तुला जाऊन चाळीसच्या वर वर्षं, तेवढ्याच येळवशी झाल्या. मी आता तुझ्याहून म्हातारी आहे. लेकरांच्या पुस्तकांवरून आधी वाचायला शिकले, मग लिहायला. तुला ह्यातलं काहीच ठाऊक नाही. आज दुपारी जेवून आडवी झाले, उठले तर सूनबाईनं अंगावर पांघरूण घातलेलं. कुणी एक शब्द बोललं नाही. तेव्हा तुझी आठवण आली, म्हणून वही घेतली.

तू दिवसा झोपायचीस. भाकरी थापता थापता डोळा लागायचा आणि तव्यावरची काळी व्हायची. शेंगा फोडताना मान छातीवर पडायची. रात्रभर झोपलीस तरी सकाळी शीण तसाच अंगावर. कळशी उचलून आणलीस की तुझी बोटं लवकर उघडायची नाहीत, मग दुसऱ्या हातानं ती सोडवायचीस. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "हिला पाटलाच्या घरी द्यायला पाहिजे होतं, गादीवर लोळून खाल्लं असतं." तूही हसायचीस. मला मात्र हसू यायचं नाही.

मी चौदा वर्षांची असताना, मार्गशीर्षातल्या अवसेला, येळवशीला, सगळे शेतात जेवायला गेलो होतो. खोपीपुढं पूजा झाली, बोलावलेली माणसं पंगतीला बसली, आणि पालेभाज्यांची भज्जी वाढता वाढता तू मडक्याशेजारी बसल्या बसल्या झोपलीस. एका पाव्हण्यानं रिकामी पत्रावळ उचलून दाखवली, सगळे हसले. माझं डोकं फिरलं. "माय, लोकांच्या माया राबायल्यात अन् तू झोपायलीस? लाज कशी वाटंना तुला?" तू दचकून उठलीस. "डोळे माझं ऐकंनात गं, मी काय करू?" एवढंच म्हणालीस. त्या दिवसापासून तू माझ्यासमोर कामाला बसली नाहीस. बसलं की झोप येते म्हणून भिंतीला पाठ लावून उभ्यानं डाळ निवडायचीस. आणि मला वाटायचं, बोलले ते बरं केलं, माय सुधारली.

माझी लेक कोहिनूर नावाच्या गावात दिली आहे. गेल्या साली तिच्या सासूचा फोन आला, "अक्का, आमी सून आणलीय का पाव्हणी? गॅसवर दूध ठिवून झोपायलीय. घेऊन जावा, झोप पुरी झाली की धाडा." मी तिला गुलबर्ग्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी मूठ आवळायला लावली, मग उघडायला. बोटं एकेक करून, सावकाश उघडायला लागली. माय, तो हात तुझा होता. मग त्यांनी माझीही मूठ बघितली, तीही सावकाशच उघडली. तपासण्या झाल्या. म्हणाल्या, हा स्नायूंचा आजार आहे, घराण्यातून उतरत येतो. थकवा आणि दिवसाची झोप त्यातलीच, आळसाचा काही संबंध नाही. पुरता बरा होत नाही, पण सांभाळता येतो.

तशीच लेकीला आणि तपासणीचे कागद घेऊन कोहिनूरला गेले. विहीणबाई कागदाकडं बघेनात. "आता झोप बी कागदावर लिहून आणली व्हय?" लेक दाराआड उभी होती. तिचं घर राहतंय का मोडतंय, ते त्या घटकेवर होतं. तेव्हा मी तुझी गोष्ट काढली. तू कशी थकायचीस, कशी झोपायचीस, सगळं सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, "मग तुमच्या घरी कसं चालवून घेतलं?" मी ताठ बसले आणि म्हणाले, "आमच्या घरात मायला एका शब्दानं कुणी बोललं न्हाई. ती झोपली की आमी पाय न वाजवता चालायचो." विहीणबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "आमी काय राक्षस हाव का, अक्का? ऱ्हाऊ द्या तिला हितंच."

आता तिथं दुपारी खोलीचं दार लोटून घेतात. सकाळची कामं लेक करते, संध्याकाळची सासू. बडबड करते, पण तिला उठवत नाही. लेक हसते-बोलते आहे, अंगानंही जरा भरली आहे. मला ह्याहून जास्त काय पाहिजे?

हा कागद कुठं धाडायचा नाही, आणि लेकीच्या हाती तर लागूच द्यायचा नाही. परवा ती आली होती. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, आज्जी झोपली की तू काय करायचीस?" मी म्हणाले, "बसायचे उशाशी, माशा वारीत."

एकदाही वारल्या नाहीत, माय.