फसलेल्या प्रयोगांचं कपाट

३ जानेवारी
आमच्या विज्ञान महाविद्यालयाला विद्यापीठाचा दर्जा द्यायचा की नाही, ते ठरवायला समिती येणार! संस्थेचा इतिहास आणि परिचय लिहायचं काम माझ्या गळ्यात. प्राचार्यसाहेब म्हणाले, "तुमची भाषा बरी. गावच्या शाळेतली ना!" स्तुती की टोमणा, देव जाणे.

५ जानेवारी
इतिहास लिहिताना मन भरून आलं. बंद पडलेला साबणाचा कारखाना. संस्थापक बाईंनी तिथे विज्ञान शिकवायला घेतलं. साबण वाळवायच्या फळ्या, तीच पहिली टेबलं. जुन्या प्रयोगशाळेची फरशी धुतली की अजून फेस येतो!

आज एवढे विभाग, दुर्बीण, संशोधन — पण आमची खरी ओळख दारातलं कपाट. फसलेला प्रयोग इथे लपवत नाहीत. कपाटात ठेवतात, सोबत चिठ्ठी — काय वाटलं होतं, काय झालं. पहिली वस्तू बाईंचीच, तडकलेली नळी.

खालच्या फळीवर माझी मातीची गाळणी. गावच्या विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड, ना चव ना वास. आईचे गुडघे त्यानेच गेले. गाळणी पाणी शुद्ध करायची, पण आठवडाभरात स्वतःच विरघळायची. चिठ्ठीत लिहिलंय, "चिखल झाला."

९ जानेवारी
साहेब म्हणाले, "ते कपाट आधी हलवा. पाहुण्यांना आपली लक्तरं कशाला?"

लंबक — आमचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, बोलताना डुलतो — म्हणाला, "कपाट हलवलं तर बघण्यासारखा मीच उरतो, साहेब!"

मी म्हणालो, "परिचयात कपाट पहिल्या पानावर आहे. ते काढायचं तर लिहिणाराही बदला." माझाच आवाज मला ओळखू येईना!

"दर्जा गेला तर खापर तुमच्या डोक्यावर," साहेब म्हणाले. पण कपाट राहिलं.

१० जानेवारी
पूजेत चित्त लागेना. दर्जा मागितला नाही. समितीपुढे पाय लटपटू नयेत, एवढंच मागितलं.

१७ जानेवारी
समितीच्या अध्यक्षबाई कपाटापाशी थांबल्या त्या हलेनात. चिठ्ठ्या वाचून हसत होत्या. माझी वाचून विचारलं, "चिखल झाला. मग पुढे?"

"पुढचं कुणी तरी करेल, म्हणून ठेवलीय."

त्या साहेबांकडे वळल्या. "सगळे आम्हाला ढाली आणि चषक दाखवतात. हे पहिल्यांदाच बघतेय!"

साहेब छाती फुगवून — "आमची परंपराच आहे ती!"

लंबक डुलायचा थांबला!

१८ जानेवारी
माझी एक विद्यार्थिनी, सगळे तिला मुंगी म्हणतात. सकाळीच दारात उभी. "सर, तुमचा चिखल घेऊन जाऊ?" कपाटाची किल्ली दिली.

२ मार्च
मिळाला! विद्यापीठ झालो!! साहेबांनी मला मिठी मारली, चष्मा वाकडा झाला. लंबक टेबलावर चढला. त्या गोंधळातून सटकून जुन्या प्रयोगशाळेत गेलो, बादलीभर पाणी ओतून फरशी धुतली. फेस आला. संस्थापक बाईंना मनात नमस्कार केला.

आईला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे तू आता मोठ्या शाळेत?"

"हो गं. तीच शाळा, मोठी झाली."

२० जून
मुंगीने माती दोनदा भाजली. एवढंच! मला सुचलं नव्हतं. तिची गाळणी तीन महिने पाण्यात आहे — टणक. पाणी तपासलं — शुद्ध. कपाटातून बाहेर पडून परत न गेलेली ही पहिली वस्तू.

आज गावी नेली. आईने गाळलेल्या पाण्याचं भांडं तोंडाला लावलं.

"चव तीच की रे! मग बदललं काय?"