माथ्यावर टिकणारा दाणा

अप्पा, तुमच्या बदलीचा राग मी जन्मभर सभांमधून ओकत आलोय. निजामाच्या राज्यात मराठी मास्तराची काय किंमत होती हे सांगताना मी तुमचं उदाहरण देतो आणि लोकांच्या मुठी वळतात. औरादचा तो हेडमास्तर आठवला की आजही माझं डोकं तापतं. गुलबर्ग्याला शिक्षकांची सभा होती. तुम्ही महिनाभर खपून लेख लिहिलात: दोन जड गोळे एकमेकांभोवती फिरताहेत, तिसरा इतका हलका की त्याची ओढ धरायचीच नाही, तो कुठे ठेवला तर तिथेच राहील? हेडमास्तर म्हणाला, "गणित मराठीत? उर्दूत करून द्या, मीच वाचतो." वर तुमचं नावही घेणार नव्हता. तुम्ही मान डोलावलीत. कामून डोलावलीत?

मी मॅट्रिक होऊन घरी होतो. माझं उर्दू अक्षर चांगलं, म्हणून लेख मी उतरवायचा ठरलं. स्वयंपाकघरात तुम्ही परातीतल्या पिठावर सूर्य आणि गुरू काढता, पाच जागा दाखवता. सूर्य-गुरूच्या रेषेवरच्या तीन कच्च्या. जरा धक्का लागला की दाणा निसटलाच. दोघांशी समभुज त्रिकोण करणाऱ्या दोन मात्र पक्क्या. फक्त मोठा गोळा धाकट्याच्या पंचवीसपट तरी जड हवा. आई म्हणते, "अवो, पीठ भाकरीचं हाय. तुमचा गुरू तव्यावर टाकू का?"

"पण अप्पा, ओढीचे चढउतार काढले तर त्या दोन पक्क्या जागी टेकडीचा माथा येतोय म्हणलात. माथ्यावर दाणा टिकंल व्हय?"

"टिकतोय. सगळं फिरायलंय न्हवं? दाणा घसराया लागला की त्या फिरण्यानंच त्याची वाट वळती, अन् तो तिथंच घुटमळतोय. थांबलेल्या टेकडीचा नियम फिरत्या टेकडीला लावू नगंस."

रात्री मी उतरवलेला कागद सकाळी शाळेचा शिपाई घेऊन गेला; तुम्हाला वाचायलाही मिळाला नाही. हेडमास्तर सभेतून परतला तो थेट आपल्या दारात. रेषेवरच्या जागा पक्क्या आणि त्रिकोणाच्या कच्च्या असं त्यानं वाचलं होतं, आणि कॉलेजच्या एका प्राध्यापकानं भर सभेत त्याला अडवलं होतं. दुसऱ्याची विद्या आपली म्हणून मिरवणाऱ्याची तीच गत व्हायला हवी होती. पण बोलणी तुम्ही खाल्लीत. कागद हातात घेऊन पाहिलात आणि म्हणालात, "चूक माझी." पंधरवड्यात तुम्हाला लांब तेलंगी मुलखात धाडलं. तिथं तुम्ही गणिताची वही पुन्हा उघडली नाहीत, आणि तिथंच गेलात.

अप्पा, कच्च्या-पक्क्याचे ते शब्द मी फिरवले होते. नजरचुकीनं नव्हे, मला पटलं नव्हतं, आणि मला न पटलेलं खरं असूच शकत नाही असं मला तेव्हाही वाटायचं. अक्षर माझं होतं, तुम्ही ओळखलंत. मग तिथंच माझा कान का धरला नाहीत? तुमच्या त्या गप्प बसण्याचा राग मला हेडमास्तरापेक्षा जास्त येतो.

उद्या बिदरला सभा आहे. तुमचं उदाहरण द्यायचं नाही असं ठरवलंय. पण लोक ऐकायला लागले की मी थांबेन, असं छातीठोक सांगवत नाही.