विजयदुर्गाआधीचा वेढा

परळ,
दिवाळीनंतरचा पहिला सोमवार

तीर्थस्वरूप शांताताईच्या चरणी धाकट्या रामदासाचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझ्या गुडघ्यांना तेल लावायला कोणी येतं, की अजून तूच वाकून लावतेस, ते कळव. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर दूध उतू जातंय म्हणून ठेवतेस (तुझ्याकडे दूध दिवसभर उतू जात असतं), म्हणून हे पत्र गावी निघालेल्या भिवाच्या पिशवीतून पाठवतो आहे.

तर ताई, डिसेंबरात आम्ही सहकुटुंब विजयदुर्ग पाहायला येत आहोत. ठरलं आहे. तुझ्या अंगणातून दिसणाऱ्या किल्ल्याचं तुला कौतुक नाही, हे मला ठाऊक आहे. गेल्या वेळी विषय काढला तेव्हा तू म्हणालीस, "थंय काय बघतलास? बकरे चरतत." चरू देत. निवृत्त झाल्यापासून मी दादरच्या वाचनालयातून ऐतिहासिक कादंबऱ्या आणून वाचतो. सध्या मराठ्यांच्या आरमारावरची एक जाडजूड कादंबरी हातात आहे आणि तिच्यात विजयदुर्गाचं असं वर्णन आहे की वाचताना चहा निवतो. (राधा सांगत सुटली आहे की मी भाजीला निघतानाही 'कूच करतो' म्हणतो. साफ खोटं. एकदाच म्हणालो होतो, तेही पाऊस होता म्हणून.)

घाई एवढ्याचसाठी, की जानेवारीत निमेश, शेफाली आणि आपली अनुजा दुबईला जातात. नोकरी तिकडे आहे, पोरगा हुशार आहे, माझी ना नाही. पण वाईट वाटायचं ते वाटतंच, तुझ्यापासून काय लपवायचं. जाण्याआधी सगळ्यांनी मिळून एक प्रवास करायचा, यावर घरात एकमत आहे. कुठे, यावर मात्र सूनबाई थायलंड म्हणते. अगं, थायलंडला ते दुबईहूनही जातील. नातीला तटावर उभी करून, हे बघ, इथे आपली गलबतं नांगरलेली असायची, असं सांगायला आजोबा दरवेळी कुठून मिळणार? तेव्हा विजयदुर्ग म्हणजे विजयदुर्ग. मी मागे हटणार नाही.

याच सुमारास माझा वाढदिवस आला आणि शेफालीने लोअर परळच्या एका फाइन डायनिंगवाल्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं. मी लगेच हो म्हटलं. प्रतिपक्षाच्या खर्चाने जेवावं आणि जेवता जेवता तहाची बोलणी करावी, हा डाव मी कादंबरीतच शिकलो होतो. हॉटेल गिरणीच्या जुन्या आवारात आहे. आपल्या बाबांनी ज्या गिरणीत कापडाचे साचे चालवले तिच्या शेजारची (हॉटेलातल्यापेक्षा उजेड तेव्हा बराच जास्त असावा). तिथे आपण काही मागवायचं नसतं. नऊ पदार्थ त्यांचे तेच ठरवतात. आम्ही बसलो, आणि प्रत्येकापुढे परातीएवढी एकेक बशी आली. तिच्यावर एक चमचा, आणि चमच्यात सोलकढीचा फेस.

आता आपल्या घरची शिस्त तुला सांगायला नको. सगळी पानं वाढून, भातावर वरण आणि वरणावर तूप पडल्याशिवाय कोणी घासाला हात लावायचा नाही. बाबा पाहुण्यांनासुद्धा सोडत नसत. मी म्हटलं, थांबा, सगळं वाढून होऊ दे. सगळे थांबले. वेटर भिंतीशी जाऊन उभा राहिला. आणि पुढे काही येईचना. मला वाटलं, आत वडे तळत असतील. वेटरने दोनदा येऊन इंग्रजीत काही अडचण आहे का विचारलं, मी दोन्ही वेळा हसून, सावकाश होऊ दे, म्हटलं. शेजारच्या टेबलावर लोक आले, जेवले, बिल देऊन गेले. आमच्या चमच्यातला फेस एव्हाना बसला होता.

पोरगी भुकेने चुळबुळायला लागली, म्हणून मी तिला कादंबरीतला वेढा सांगायला घेतला. शत्रूची जहाजं खाडीच्या तोंडाशी येऊन उभी, किल्ल्यातली रसद संपत आलेली, तरी किल्लेदार दरवाजा उघडत नाही. पाण्याखाली बांधलेल्या भिंतीवर जहाजाचा तळ फुटतो तिथवर आलो आणि पाणी प्यायला थांबलो. अनुजा म्हणाली, "आजोबा, मग पुढे?" ताई, शेफालीचा मोबाइल पालथा पडला होता आणि तीसुद्धा ऐकत होती. या घरात माझी एक गोष्ट सलग ऐकली गेल्याचं हे पहिलंच उदाहरण.

शेवटी खुद्द मुख्य आचारी बाहेर आले आणि उलगडा झाला. समोरची बशी संपल्याशिवाय दुसरी पाठवायची नाही, हा त्यांचा नियम. म्हणजे ते आमच्यासाठी खोळंबले होते आणि आम्ही त्यांच्यासाठी. त्यांनी मला नियम समजावून सांगितला, मी त्यांना आपला सांगितला. गृहस्थ समजूतदार. उरलेले आठही पदार्थ त्यांनी एकदम पाठवले, पुडिंगसकट. मग आम्ही जेवलो. चव उत्तम होती, मात्र घरी येऊन राधाने कढीभात केला तेव्हा कोणी नको म्हटलं नाही.

सांगायचा मुद्दा, तो किल्लेदार हटला नाही आणि मीही हटणार नाही. प्रकृतीला जप. बाकी भेटीअंती.

तुझा धाकटा,
रामदास

ता. क. : आम्ही उतरणार अर्थातच तुझ्याकडे. पाच माणसं, चार दिवस. तोवर मागच्या न्हाणीघराशेजारी एक कमोड बसवून घेता आला तर पाहा. सूनबाईची तेवढी एकच अडचण राहू नये.

आणखी ता. क. : वर 'ठरलं आहे' असं लिहिलं आहे, ते मी ठरवलं आहे. बाकीच्यांनी अजून होकार दिलेला नाही. कमोडचं मात्र थांबवू नकोस.

वन्सं, अक्षर बदललं म्हणून दचकू नका, मी राधा. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं आहे, म्हणून चार ओळी यांच्या नकळत लिहिते. त्या हॉटेलातला बशीचा नियम निमेशला आधीपासून ठाऊक होता. तो सांगणार तोच शेफालीने टेबलाखालून त्याचा पाय दाबला. म्हणाली, बाबा किती दिवसांनी बोलतायत, बोलू दे. थायलंड तिनेच दुसऱ्या दिवशी रद्द केलं आणि विजयदुर्गासाठी गाडी सांगितली. यांना आम्ही कळू दिलेलं नाही. पोरं जाणार हे ऐकल्यापासून हे नुसते खिडकीशी बसून असायचे. पुस्तक मांडीवर, आणि पान तेच. विजयदुर्गावरून भांडायला लागले तेव्हापासून दोन्ही वेळा नीट जेवतात आणि झोपतातही. डिसेंबरपर्यंत हे असंच चालायला हवं. पण आम्हाला आता नकार रेटवत नाही, अनुजाला तर हसूच येतं. तेव्हा वन्सं, कमोड खुशाल बसवून घ्या, आणि उत्तरात मात्र कडक शब्दांत कळवा, की यंदा कोणीही येऊ नये.