साठ हप्ते की एकरकमी

२ सप्टेंबर, सोमवार

तो तिला नावाने हाक मारतो!

"ओक-रान ताई, या ना, बसून तर बघा." शोरूमच्या दारातच, माझ्यादेखत. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत हिला कुणी नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही. मी "सोल-आची आई" म्हणतो. चष्म्याच्या फ्रेमांच्या आमच्या कारखान्यात सगळे "मालकीणबाई" म्हणतात. नाव आपलं दवाखान्याच्या औषधाच्या पाकिटावर छापलेलं तेवढं. आणि हा योम, गाड्या विकणारा, कॉलेजच्या गाण्याच्या मंडळात हिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता म्हणे. मे महिन्यात कुठल्याशा लग्नात भेटला आणि कार्ड देऊन गेला.

ताई म्हणतो म्हणून काय झालं? अख्ख्या देगू शहरात ताई म्हणता म्हणता लग्न केलेले चार जण तरी मी दाखवीन.

गाडी छान आहे, ते कबूल. जर्मन, गडद निळी, नऊ कोटी चाळीस लाख वॉन. सोल-आ वसंतात लग्न होऊन बुसानला गेल्यापासून बायको गप्प गप्पच असते. गेल्या महिन्यात अचानक म्हणाली, मला चांगली गाडी हवी. जन्मात पहिल्यांदा काही मागितलं. मुदत ठेव सुटलीच होती, मी लगेच हो म्हटलं. तेव्हा योम माहीत नव्हता.

४ सप्टेंबर, बुधवार

योमने कागद पाठवला. त्याच्या कंपनीचं कर्ज घेतलं तर सवलत सत्तर लाख. रोखीने घेतली तर तीसच लाख. कर्ज दिलं की त्याला वरून दलाली मिळते, हे न कळायला मी काय दूधखुळा आहे?

कागद अजून हातात होता तोवर बायको म्हणाली, "हप्त्यानेच घेऊ. साठ महिने."

मी बघतच राहिलो. ही बाई मासळीवालीचे दोन हजार वॉन उद्यावर ठेवत नाही. फ्रिज रोखीने, मुलीचं लग्न रोखीने. कर्ज हा शब्द काढला की नाक मुरडणारी. आणि आता साठ महिने! आणि व्याज? ते कोटीच्या वर जातंय. म्हटलं तर म्हणते, "जाऊ दे की."

जाऊ दे?

५ सप्टेंबर, गुरुवार

फोनवर हसत होती. मी खोलीत गेल्यावर थांबली.

८ सप्टेंबर, रविवार

हिशेब बघणारा प्यो आणि मी पाल्गोंग डोंगरावर गेलो होतो. त्याचं म्हणणं, कशाला डोकं शिणवता, गाडी कारखान्याच्या नावावर घ्या, कर वाचेल. पण कारखान्याच्या नावावर एवढी महाग गाडी म्हणजे पोपटी नंबरपाटी. लांबूनच कळतं की पैसे धंद्याचे. प्यो म्हणाला, पाटीचं काय घेऊन बसलात, सीट तीच असते.

घरी येऊन सांगितलं तर बायको भडकली. "पोपटी पाटी नको. गाडी कारखान्याची नाही, आपली पाहिजे. दोघांच्या नावावर घ्या. कर्जही दोघांच्या सहीने."

दोघांच्या सहीने म्हणजे कागदावर दोघांचे फोन नंबर. योमला काही विचारायचं झालं तर कुणाला विचारेल? मला? मी काय मंडळात गायचो?

इथे लिहून टाकतो, कुणी वाचणार नाही. जळतो मी. छप्पन्न वर्षांचा माणूस, दोन नातवंडं खेळवायच्या वयाचा. परवा आरशासमोर पोट आत घेऊन उभा होतो. योमला पोट नाही. केस आहेत. काळे केलेले असणार, पण आहेत.

११ सप्टेंबर, बुधवार

गेलोच एकटा शोरूममध्ये. बायकोला सांगितलं, बिजागऱ्यांच्या व्यापाऱ्याकडे जातोय.

योम वाकून वाकून नमस्कार घालत होता. शेठ, कॉफी घ्या. शेठ, इथे बसा, तिथे वारा लागेल. मी सरळ विचारलं, साठ महिन्यांचं खूळ कुणाचं? तर म्हणाला, "देवाशप्पथ शेठ, माझं नाही. मी तर ताईंना युक्ती सांगितली होती, कर्ज घ्या, सत्तर लाखांची सवलत पदरात पाडून घ्या, आणि तीन महिन्यांत सगळं फेडून मोकळ्या व्हा. सगळे तसंच करतात. ताई म्हणाल्या, नाही, मध्ये फेडायचं नाही. साठच्या साठ भरायचे."

हे सांगताना लाजला की काय असं मला वाटलं. कान लाल झाले होते. उकाड्यानेही होतात म्हणा.

मग विचारलं, गाडी दिल्यावर गिऱ्हाइकाला फोन करता का? छाती फुगवून म्हणाला, हप्ता चालू असेतो दर महिन्याला एक फोन असतोच. हप्त्याची आठवण, गाडीची चौकशी, तब्येतीची चौकशी.

तब्येतीची!

साठ महिने, साठ फोन. पाच वर्षं हा माझ्या घरात तब्येती विचारणार, आणि त्याचे पैसे मी भरायचे. त्याची तीन महिन्यांची युक्तीही नको. तीन महिन्यांत काय काय होतं, मला माहीत आहे. हिच्याशी लग्न मी ओळख झाल्यापासून तीन महिन्यांतच केलं होतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज न्याहारीला विचारलं, रोखीने घेतली तर काय बिघडतं? बायको मुळ्याचं सूप ढवळत राहिली. मग म्हणाली, "मला हप्ते भरायला आवडेल."

हप्ते भरायला कुणाला आवडतं?

१७ सप्टेंबर, मंगळवार

छुसॉकचा सण. दादाकडे गेलो होतो. पूर्वजांचं पान वाढून झालं, सगळे जेवले, बायका पिअर सोलायला बसल्या. वहिनीने विषय काढला. गाडी घेताय म्हणे? हप्त्याने? या वयात कर्ज?

बायको शांतपणे म्हणाली, पाच वर्षं म्हणजे काय वहिनी, रविवारी रविवारी समुद्राकडे गेलं तरी कळायची नाहीत.

कुणाबरोबर रविवारी? सत्तावीस वर्षांत रविवारी मी कारखान्यात नाहीतर डोंगरावर असतो, हिला माहीत आहे. रविवारी शोरूम बंद असते, हेही मला माहीत आहे. माझा ताबा सुटला. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, "कर्जबिर्ज काही नाही. रोख. एकरकमी. आमच्या घराण्यात कुणी हप्त्यावर फिरत नाही."

दादाने पाठीवर थाप मारली. भाऊ कुणाचा आहे, म्हणाला. पुतण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं.

बायकोने मान वर केली नाही. पिअर सोलत राहिली. साल एवढी जाड निघत होती की वहिनी म्हणाली, अगं, फळ ठेव थोडं.

१८ सप्टेंबर, बुधवार

बोलत नाही माझ्याशी. म्हणजे वर्मी लागलं. म्हणजे माझा संशय खरा!

(की नाही? काल गाडीत खिडकीबाहेर बघत होती. रडत असेल तर आवाज नव्हता.)

२० सप्टेंबर, शुक्रवार

पैसे भरले. सकाळी साडेनऊला बँकेत, दुपारच्या आत सगळं आटोपलं. नऊ कोटी दहा लाख. योमच्या युक्तीने गेलो असतो तर आणखी चाळीस लाख वाचले असते. चाळीस लाख ही माझ्या जळण्याची किंमत, आणि ती मी खुशीने मोजली.

गाडी एकट्या माझ्या नावावर. कागदावर फोन नंबर माझ्या एकट्याचा. योमने पावती देताना विचारलं, ताईंची सही नको? मी म्हटलं, ताईंना त्रास कशाला. त्याचा चेहरा उतरला. दलाली गेली म्हणून उतरला की आणखी कशाने, ते त्याचं त्याला ठाऊक. मी जिना शीळ घालत उतरलो.

घरी पावती टेबलावर ठेवली. बायकोने वाचली. दोनदा वाचली. "सगळे भरले?" एवढंच विचारलं. सगळे, म्हटलं. एक वॉनही बाकी नाही. तिने पावती घडी घालून माझ्याकडे परत दिली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

गाडी आली. योमने नव्या गाडीच्या रीतीप्रमाणे चाकांवर तांदळाची दारू ओतली, सुकवलेला मासा बॉनेटवर ठेवला, वाकला, मलाही वाकवलं. पाटी पांढरी शुभ्र. समोरच्या औषधवाल्याने बाहेर येऊन पाहिली. त्याला सांगितलं, रोखीने घेतली. न विचारता सांगितलं.

बायको दारात उभी होती. योमने आत बसून बघायला बोलावलं तर म्हणाली, नंतर. तो गेला तेव्हा तिने साधा हात हलवला. चहावाल्यालाही ती असाच हलवते. मी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होतो. काहीच नव्हतं त्यात. योमबद्दल काही म्हणजे काहीच नव्हतं.

मग मी रोखीने काय विकत घेतलं?

३० सप्टेंबर, सोमवार

सकाळी सूप वाढता वाढता ती म्हणाली, "सोल-आ गेली तेव्हाच मी ठरवलं होतं, वेगळं राहायचं. मग वाटलं, एकदा शेवटचं बघू. दोघांच्या नावावर एक कर्ज घेऊ, साठ महिने दोघं मिळून फेडू, आणि ते चालू आहे तोवर जाण्याचा विचार मनात आणायचा नाही. तुम्ही एका सकाळीत फेडून टाकलंत, सोल-आचे बाबा." रागावलेली नव्हती. भाताचा वाडगा माझ्याकडे सरकवला. पुढच्या महिन्यात खोली बघायला जाणार आहे म्हणाली.

कारखान्यात न जाता बँकेत गेलो. रोखीने घेतलेल्या गाडीवर मागाहून कर्ज मिळतं का, दोघांच्या सहीने, असं विचारलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, मिळतं की, किती महिन्यांचं हवंय? मी म्हटलं, तुमच्याकडे सगळ्यात लांबचं जे असेल ते.