आई बाहेर गेल्यावर

५ मे
पोचलो बाई एकदाच्या! मी, माझी चार वर्षांची बबडी आणि सामानाचा डोंगर. घर लहान, पण समोरच वाचनालय, आणि त्याच्या माळ्यावर माझी खरी मंडळी: शेकडो वटवाघळं. लोकांनी त्यांना मारू नये, उलट सांभाळावं, हे गळी उतरवणं माझं काम. आधीच्या ठिकाणी पालथ्या घड्यावर पाणी झालं. इथे मात्र ग्रंथपाल बाईंनी चहा पाजला, शेजारच्या सुताराने माझ्या कपाटाचं लोंबतं दार बसवून दिलं. त्याच्या घरी तान्हं बाळ आहे, बबडी सारखी तिकडेच पळते.

९ मे
वाचनालयातली माझी सभा दणक्यात झाली! सांगितलं की माळ्यावर सगळ्या बाळंतिणीच आहेत. दिवेलागणीला पोट भरायला बाहेर पडतात, पिल्लं आत लटकून वाट बघतात. बायका हळहळल्या. सुताराने विचारलं, म्हणजे त्या वेळी मोठं एकही आत नसतं? एकही नाही, म्हटलं. किती लक्ष देऊन ऐकतात इथली माणसं! घरी येऊन बबडीला उचलून नाचले.

११ मे
माकडाच्या हाती मीच कोलीत दिलं. सुतार आणि ग्रंथपाल बाई सकाळीच छाती फुगवून आले. काल माद्या बाहेर पडल्यावर माळ्याच्या सगळ्या फटी फोमने बुजवल्या. ताई, एकीलाही धक्का लावला नाही, म्हणे! आणि पिल्लं? ती कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. मी भडकले, आत्ताच्या आत्ता उघडा म्हटलं. बाई म्हणाल्या, नवा रंग दिलाय, आठवडाभर थांबा. कचाकचा भांडायला हवं होतं. पण लोक आत्ता कुठे माझं ऐकायला लागलेत. गप्प बसले.

१३ मे
भरदिवसा माद्या वाचनालयाच्या भिंतीला बाहेरून चिकटून आहेत. आतला किचकिचाट बारीक होत चाललाय. बबडी विचारते, त्यांच्या बाळांना भूक लागली असेल ना? उगाच तिच्यावर ओरडले.

१४ मे
आतला आवाज थांबला. भिंतीवर एकही मादी नाही.

१६ मे
सुताराची बायको दुकानात गेली होती, तो अंगणात रंधा मारत होता. बाळ एकटं आत. ती परतली तर दार उघडेना. दार, खिडक्या, कुलपाचं भोकसुद्धा कसल्यातरी काळ्या, उग्र वासाच्या, दगडासारख्या लगद्याने बुजलेलं. बाळ आत रडत होतं. कुऱ्हाडीने टवकाही उडेना. रडणं थांबलं, मग दार आपोआप उघडलं. बाळ गेलेलं, अंगावर ओरखडाही नाही. डॉक्टर म्हणाले, कितीतरी दिवस उपाशी होतं. सकाळीच तर ते दूध प्यालं होतं! छपरावर माद्या ओळीने बसल्या होत्या. बघत.

१७ मे
शिडी लावून फोम उपसला. सगळी पिल्लं वाळलेली — सगळ्यांची तोंडं फटीकडे. मी खाली बसून रडले. उद्या पहिल्या बसने निघायचं. बबडीला नजरेआड करणार नाही.

१८ मे
बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली. एकच पाऊल. दार मागे लागलं —

सगळं बुजलंय. बबडी आत.

सुताराच्या पाया पडले. कुऱ्हाड मांडीवर घेऊन पायरीवर बसलाय, देत नाही. म्हणतो, तुम्ही तेव्हाच माळा उघडायला लावला असता तर माझं बाळ — त्याची बायको नुसती माझ्या घराकडे बघते.

छपरावर त्या आल्यात. मी हात जोडले, ओरडले, माझं चुकलं गं, तिने काय केलंय तुमचं? एकही हलली नाही.

भूक लागली, आई. भूक लागली. आवाज किती बारीक झालाय —

नखं तुटली. खिडकीपाशी आपोआप बोटभर भोक पडलं. बिस्किटाचा चुरा बोटावर घेऊन आत घातलाय, दुसऱ्या हाताने हे — कुणाला तरी कळू दे —

घेतला! तिने घेतला, ओठ लागले बोटाला —

गार आहेत. इवलेसे —

एक तोंड नाही. कितीतरी — बबडी, तू कुठे —