डेस्कटॉपवरचा ‘फायनल’

सोमवार, ३ नोव्हेंबर
परत आला! सकाळी उडवला होता. संध्याकाळी कॉम्प्युटर लावला तर डेस्कटॉपवर तसाच बसलेला — पिवळा फोल्डर, नाव ‘फायनल’. दाजी माझ्याकडेच बघत होते. "शिवतेज, तू यायच्या आधी आमच्याकडे हे असलं काही नव्हतं." ताई स्वयंपाकघरातून, "अहो, तो काय खिशातून व्हायरस घेऊन फिरतो का?" दाजी — "फिरतो म्हणूनच म्हटलं!"
मी हसलो. नंतर नाही हसू आलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
कॉम्प्युटरला व्हायरस शोधायला लावलं. काही सापडलं नाही. रिसायकल बिन रिकामी केली. मध्येच हिमाचलातल्या स्पितीचा रस्ता कधी बंद होतो ते बघत बसलो, दुपार गेली. फोल्डर उघडायचा नाही, दाजींची ताकीद. "उघडला की पसरतो." फक्त डिलीट करायचा. केला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
परत!! दाजींचं ऑफिसचं काम याच कॉम्प्युटरवर चालतं. आज सरळ म्हणाले, रविवारपर्यंत हे गेलं नाही तर तू आईकडे साताऱ्याला जा. ताईनं वाढताना माझ्याकडे बघितलंही नाही.
गोव्यातून, हंपीतून निघालो ते आपल्या मनानं. हाकलून कुणी दिलं नव्हतं. ताईचं हे नेरूळचं घर काय, आज ना उद्या सोडणारच — पण माझ्यापायी ताईनं ऐकून घ्यायचं? आणि मी काहीच केलेलं नसताना!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
दाजी अंघोळीला गेले. उघडला.
व्हायरस कसला — बॅनर! साखरपुड्याचा! मधोमध चि. संघर्ष आणि त्याची नवरी, खाली गॉगल लावलेले ढीगभर शुभेच्छुक, सगळ्यांचे हात जोडलेले. रविवार १६ तारीख, घणसोली गाव. कोपऱ्यात बारीक अक्षरात बॅनरवाल्या दुकानाचं नाव.
दाजी टॉवेलवरच आले. "हे हॅकर?" एकेक गॉगल निरखून बघितला. मग दुकानाचं नाव वाचलं आणि टॉवेल सावरत खुर्चीत बसले. मागच्या महिन्यात तिथेच प्रिंट काढायला गेले होते!

शनिवार, ८ नोव्हेंबर
घणसोलीला गेलो. वाटेत मैदानावर टेनिस बॉलची मॅच चालू होती, बघत उभा राहिलो, कशाला आलोय तेच विसरलो. पोचेस्तोवर दुपार टळली.
दुकान उज्वला नावाच्या मुलीचं, घराच्याच पुढच्या खोलीत. तिच्या कॉम्प्युटरवर बघितलं आणि कळलं. दाजींनी तिथे फायली ठेवायचं आपलं ऑनलाइन अकाउंट उघडलं, प्रिंट काढली आणि बंद न करताच घरी आले! तेव्हापासून दोन्ही डेस्कटॉप एकच झालेले. तिनं ठेवलेलं आमच्याकडे दिसायचं. मी उडवलं की तिच्याकडूनही जायचं. ती पेन ड्राइव्हवरून पुन्हा टाकायची, मी पुन्हा उडवायचो!
"म्हंजे त्यो तू हायस?" ती उठलीच. म्हटलं, मारते आता. पण तिनं आत हाक मारली — "आई गं! संघर्ष नव्हता! ह्यो व्हता!"
संघर्ष तिचा सख्खा भाऊ. नवरदेव स्वतःच आपला बॅनर उडवतोय, त्याला लग्न नकोय, असं अख्खं घर धरून बसलेलं. उज्वलानं त्याच्याशी बोलणंच टाकलेलं. आई डोळे पुसत हसत सुटली. मला चहा, वर तांदळाची भाकरी न् सुकट. "खा रं बाला, आमचा जीव टांगनीला लावलास!" उज्वला म्हणे, "तुज्या दाजींचा वजन कमी करायचा तक्ता पन हाय माझ्याकडं. कायपन फरक नाय पडला वाटतं!"
अकाउंट बंद करून टाकलं. तेवढ्यात संघर्ष आला. सगळं ऐकलं. "बरा झाला आलास," एवढंच म्हणाला. बसस्टॉपपर्यंत सोडलं, नंबर घेतला.

रविवार, ९ नोव्हेंबर
डेस्कटॉप साफ! दिवसभर साफ! दाजींनी जिलेबी आणली. "राहा रे निवांत. तुझ्यासारखं एक माणूस घरात पाहिजे." ताई लगेच, "आणि त्या मुलीकडचा तक्ता?" दाजींनी आणखी एक जिलेबी उचलली. ताई किती दिवसांनी अशी हसली. मी जिलेबी खाऊन सोफ्यावर आडवा. सुटलो बाबा!

मंगळवार, ११ नोव्हेंबर
संघर्षचा फोन. फोल्डर पुन्हा गेला म्हणाला. म्हटलं, आम्ही नाही रे!
"म्हाईत हाय. आज मीच उडवला, सगल्यांच्या समोर. पोरीला आधी फोन केला, मंग घरी बोललो. आठवडाभर सगले मना इचारत व्हते, लगीन नको काय, लगीन नको काय. त्याच्या आधी कोनी इचारलाच नव्हता."